डीएपी वाढवलं तरी शेंग पोचटच? खानापूरच्या तांबड्या माळाला आधी चुना हवा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "तीन एकर तांबडा माळ आहे. दोन एकरांत भुईमूग, एकरभर रताळी, दरवर्षी जागा बदलून. खाली ओढ्याकडे दीड एकर भात. भुईमुगाची वाळलेली शेंग पूर्वी एकरी सात क्विंटलपर्यंत यायची, आता चारवर आली, त्यातही निम्म्या शेंगा पोचट. डीएपी एकरी एक पोतं होतं ते दोन केलं, युरियाही देतो. माती तपासली तर सामू ५.० आला. दुकानदार म्हणतो जिप्सम टाका. भावकीतले एक जण म्हणतात कळीचा चुना एकरी टनभर टाका. मुलानं मोबाइलवर बघितलंय की राखेनं भागतं. नेमकं काय टाकू, किती, कधी? आणि भातालाही टाकायचं का?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला खरा मुद्दा तो ५.० चा आकडा आहे. सामू (पीएच) ७ च्या जितका खाली, तितकी माती जास्त आम्ल. तो बघितल्यावर तिसरं पोतं आणायचा विचार सोडून द्या, दुसरंही कमी करा. सामू ५.५ च्या खाली उतरला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळतं आणि मुळांची टोकं मारतं. शेतात जाऊन महिन्याभराचं एखादं रोप खुरप्यानं अलगद उकरून बघा. निरोगी मूळ पांढरट, बारीक तंतूंनी भरलेलं असतं. आम्ल जमिनीतलं मूळ आखूड, जाड, तपकिरी असतं, टोकाला बोथट झालेलं, बारीक तंतू जवळपास नाहीतच. असं मूळ चार बोटांच्या खाली जातच नाही. म्हणून मृगानंतर आठ दिवस पावसानं ताण दिला की तुमचा माळ शेजारच्या काळ्या रानाआधी माना टाकतो.

स्फुरदाचंही (फॉस्फरस) तसंच. तांबड्या जांभ्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम डीएपीतला स्फुरद धरून ठेवतात आणि पिकाच्या वाट्याला थोडाच येतो. तुम्ही पोतं वाढवलं, मातीनं तेही धरलं. शिवाय डीएपी आणि युरिया दोन्ही खतं जमीन आणखी आम्ल करतात. ४५ किलोच्या एका युरियाच्या पोत्यानं जी आम्लता तयार होते ती मारायला ३५ किलोच्या आसपास शुद्ध चुनखडी लागते. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यालाही जवळपास तितकीच. अमोनियम सल्फेटच्या ५० किलोला तर ५५ किलो. म्हणजे गेली काही वर्षं तुम्ही दर हंगामाला एकरी शंभरेक किलो चुन्याची उधारी वाढवत आला आहात, आणि घाटमाथ्याचा पाऊस उरलंसुरलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतोय. जांबोटी-कणकुंबीकडे ही धूप आणखी जास्त.

आता जिप्समचं. दुकानदाराचा सल्ला कुठून आला असेल ते सांगतो. अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या बागायती रानात चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या जमिनीचा त्रास आहे, तिथं सामू ८.५ च्या वर जातो आणि जिप्सम हा तिथला खरा इलाज आहे. तोच सल्ला फिरत फिरत खानापुरात येतो. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यानं सामू वाढत नाही, कितीही पोती टाकली तरी. पण भुईमुगाला जिप्समचं वेगळं काम आहे. शेंग आपलं कॅल्शियम मुळातून वर गेलेल्या रसातून घेत नाही, आऱ्या (फुलानंतर खाली वाढणारे, शेंग धरणारे देठ) जमिनीत घुसल्या की शेंगेच्या सालीतून थेट भोवतालच्या मातीतून घेते. वरच्या तीन इंचांत कॅल्शियम नसेल तर शेंग वरून भरलेली दिसते आणि आत दाणा नसतो. म्हणून आऱ्या सुटायच्या वेळी, पेरणीनंतर साधारण ३५ ते ४५ दिवसांनी, एकरी २ क्विंटल जिप्सम ओळीच्या दोन्ही बाजूंना टाकून हलकी भर लावायची. हे करा. फक्त हे चुन्याऐवजी नाही, चुन्याबरोबरचं दुसरं काम आहे.

चुना कुठला, हा पुढचा प्रश्न, आणि इथंच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. शुद्ध चुनखडीची आम्लता मारायची ताकद १०० धरली तर डोलोमाइटची १०९, विरलेल्या चुन्याची १३५ आणि कळीच्या चुन्याची १७८. ताकद जास्त म्हणून कळीचा चुना चांगला, असं मात्र नाही. तो पाण्याशी लागला की उकळतो, कातडी आणि डोळे भाजतो, आणि शेतात ढेकूळ राहिलं तर त्या जागी सामू एकदम ८-९ वर जाऊन रोप जळतं. भावकीतल्यांनी सांगितलेला टनभर कळीचा चुना म्हणजे पावणेदोन टन चुनखडीइतका झाला. तुमच्या हलक्या तांबड्या मातीला तो एका दमात सोसणार नाही. सामू ६.५ च्या वर गेला की जस्त, लोह, बोरॉन पिकाला मिळेनासे होतात, भुईमुगाची कोवळी पानं पिवळी पडतात, आणि चुना उचलून परत घेता येत नाही. त्यामुळे बारीक दळलेली चुनखडी किंवा डोलोमाइट घ्या. डोलोमाइटात मॅग्नेशियमही असतं, धुऊन गेलेल्या जमिनीला ते हवंच असतं, म्हणून भावात फार फरक नसेल तर मी डोलोमाइटकडे झुकेन. बागलकोट जिल्ह्यात लोकापूर-मुधोळकडे चुनखडीचे आणि डोलोमाइटचे साठे आहेत. मालापेक्षा गाडीभाडं जड जातं, तेव्हा चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून गाडी भरून आणली तर परवडतं.

पोतं घेण्याआधी दोन गोष्टी स्वतः तपासा. चमचाभर पूड घेऊन त्यावर लिंबू पिळा. चुनखडी असेल तर फेस येतो. डोलोमाइटाला फेस हळू आणि कमी येतो, थोडं थांबावं लागतं. जिप्समला किंवा खडीच्या क्रशरवरच्या भुकटीला काहीच होत नाही. ती क्रशरची भुकटी काही ठिकाणी 'मातीला चांगली' म्हणून खपवली जाते, पण आपल्याकडच्या काळ्या दगडाची भुकटी म्हणजे चुना नव्हे. दुसरी गोष्ट बारीकपणा. पूड दोन बोटांत चोळा, पिठासारखी लागली पाहिजे. ६० नंबरच्या जाळीतून, म्हणजे इंचाला ६० घरं असलेल्या जाळीतून, जी पडते ती पूर्ण कामाची. त्याहून जाड पण ८ नंबरच्या जाळीतून पडणारी अर्ध्या कामाची. त्याहून जाड खडे वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. विक्रेत्याकडे चाचणीचा कागद मागा, त्यावर ताकद आणि बारीकपणा दोन्ही असतात.

राखेबद्दल. लाकडाची राख कामाची आहे. झाडावर अवलंबून असतं, पण तिची ताकद चुनखडीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत भरते, वर पालाशही मिळतो. चुलीची राख परसातल्या वाफ्यांना जरूर टाका. तीन एकरांना पुरेल इतकी ती घरात साठत नाही, एवढाच प्रश्न. भाताच्या गिरणीतली तुसाची राख किंवा कारखान्याच्या बॉयलरची चिपाडाची राख मात्र वेगळी, ती बहुतांश सिलिका आहे, तिनं आम्लता फारशी हटत नाही. साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) सेंद्रिय खत म्हणून उत्तम, पण आपल्याकडे साखर मुख्यतः सल्फिटेशन पद्धतीनं, म्हणजे रस गंधकाच्या धुरानं साफ करून होते आणि त्या प्रेसमडमध्ये चुन्याचं प्रमाण थोडं असतं. कार्बोनेशन पद्धतीच्या कारखान्याचा प्रेसमड चुनखडीनं भरलेला असतो, तो या कामाला चालतो. म्हणून कुठल्या पद्धतीचा ते विचारल्याशिवाय ट्रॉली भरू नका.

मात्रा ठरवायला नुसता सामू पुरत नाही. सामू ५.० असलेली वाळूसर माती थोड्या चुन्यात वर येते, चिकणमाती दुप्पट खाते. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक तपासलेले असतात, सामू आणि सेंद्रिय कर्बासकट, पण 'चुन्याची गरज' ही बफर द्रावणाची चाचणी त्या बारांत नसते. ती वेगळी सांगून करून घ्यावी लागते. मत्तीकोपच्या केएलई कृषी विज्ञान केंद्रात किंवा धारवाडच्या कृषी विद्यापीठात आधी चौकशी करा आणि मगच नमुना पाठवा. अहवाल कन्नडमध्ये आला तर 'रससार' ही ओळ म्हणजे सामू आणि 'सुण्ण' म्हणजे चुना. नमुना माळाचा वेगळा, भाताच्या शेताचा वेगळा. एकरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या, नांगराच्या खोलीइतका, सहा-सात इंच. त्याच्या एका बाजूची बोटभर जाडीची माती वरपासून खालपर्यंत काढा. सगळी एकत्र करून, चार भाग करून, समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो ठेवा. सावलीत वाळवा. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती नको आणि खताच्या रिकाम्या पोत्यात तर अजिबात नको.

हिशेब कसा करायचा ते एका उदाहरणानं सांगतो. समजा चाचणीत एकरी १० क्विंटल शुद्ध चुनखडी आली. तुम्हाला मिळालेल्या मालाची ताकद ८० आणि बारीकपणाचा गुण ७५ आहे. मग १० ला ८० नं भागून १०० नं गुणा, साडेबारा. त्याला ७५ नं भागून परत १०० नं गुणा, साधारण १६.७ क्विंटल. कागदावरचे १० आणि शेतातले १६.७, हा फरक लक्षात न घेतल्यामुळेच पुष्कळ जण 'चुन्यानं काही झालं नाही' म्हणतात. चाचणी सांगताना लक्ष्य सामू ५.८ ते ६.० ठेवा असं सांगा. ६.५-७ कशाला नको, याचं कारण तुमची रताळी. रताळं आम्ल जमीन बऱ्यापैकी सहन करतं, आणि मातीतून येणारा कुजवा आणणारा एक जिवाणू सामू वाढल्यावर जोर धरतो. बटाट्याच्या खपली रोगाचंही तसंच, म्हणून गावात कुणी त्या रानात बटाटा लावत असेल तर त्यानं चुना बटाट्याच्या तोंडावर न देता बटाटा निघाल्यावर द्यावा. तुम्हीही चुना भुईमुगाच्या आधी द्या, रताळी त्याच्यानंतर येऊ द्या.

वेळ. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे ऑक्टोबरात भुईमूग निघाल्यावर, रानात ओल असतानाच. चुनखडी ओलीशिवाय काम करत नाही आणि तिला दोन-तीन महिने हवे असतात. ते हुकलं तर वळवाच्या पहिल्या पावसावर, एप्रिल-मेमध्ये, नांगरटीबरोबर. पेरणीच्या आदल्या दिवशी टाकलेल्या चुन्याचा त्या हंगामात फारसा उपयोग दिसत नाही.

टाकण्याची पद्धत सांगतो, कारण एक ठिकाणी ढीग आणि एक ठिकाणी कोरडं असं झालं की रानात ठिगळं दिसतात. दोरीनं ३३ फूट बाय ३३ फुटांचे चौकोन आखा, एक चौकोन म्हणजे एक गुंठा. एकरी १६.७ क्विंटल म्हणजे गुंठ्याला ४२ किलो. त्यातली निम्मी उभी फेकायची, निम्मी आडवी. वारा पडलेल्या सकाळी हे काम करा, तोंडाला फडकं आणि डोळ्याला चष्मा असू द्या. लगेच रोटाव्हेटर किंवा कुळव दोनदा मारून सहा इंचांपर्यंत मिसळा. चुना जमिनीत स्वतःहून खाली सरकत नाही, वर्षाला बोटभरसुद्धा कठीण. वर पसरून पावसावर सोडलेला चुना वरच्या दोन इंचांत अडकतो आणि खालची मुळं तशीच आखूड राहतात. मात्रा एकरी १५ क्विंटलच्या वर जात असेल, वरच्या उदाहरणात जाते तशी, तर हलक्या जमिनीत ती दोन वर्षांत विभागून द्या.

पैसे नसतील तर दुसरी वाट आहे आणि तीही चांगली आहे. हेक्टरी २ ते ४ क्विंटल, म्हणजे एकरी ८० ते १६० किलो बारीक चुनखडी दर हंगामाला फक्त पेरणीच्या सरीत द्यायची. आम्ल जमिनींवर काम करणाऱ्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या शास्त्रज्ञांची ही शिफारस आहे. पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी सऱ्या पाडा, चुनखडी सरीत टाका, मातीनं झाका, नंतर त्याच ओळीवर बी. पूर्ण रानाचा सामू यानं बदलत नाही, पण कोवळ्या मुळांभोवतीची माती सुधारते. या पद्धतीला चुनखडीच हवी. विरलेला किंवा कळीचा चुना सरीत बियाजवळ गेला तर उगवण मारतो. आणि हे दर वर्षी करावं लागतं, एकदा करून विसरून चालत नाही.

चुना आणि शेणखत किंवा युरिया, डीएपी एकत्र कालवू नका. अमोनिया हवेत उडून जातो, वास येतो तो तुमच्या नत्राचाच. सुपर फॉस्फेटही चुन्यात मिसळलं की त्यातला विरघळणारा स्फुरद घट्ट होतो. पूर्ण मात्रा देणार असाल तर चुना आणि खत यांत किमान तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. शेणखत एकरी ३ ते ४ टन पेरणीच्या तोंडावर कुजलेलंच द्या. सेंद्रिय कर्ब ॲल्युमिनियमला बांधून ठेवतो, त्यामुळे चुन्याच्या जोडीला त्याचा उपयोग फार होतो. बांधावरचा ऐन-किंजळीचा पाला जाळण्यापेक्षा खड्ड्यात कुजवलात तर हीच गोष्ट फुकट मिळते.

खतात बदल करा. कोरडवाहू भुईमुगाला एकरी एक पोतं डीएपी स्फुरदासाठी पुरेसं होतं, दोन कधीच लागत नव्हती. त्या एका पोत्यात २३ किलो स्फुरद असतो. त्याऐवजी तीन पोती सिंगल सुपर फॉस्फेट दिलं तर २४ किलो स्फुरद मिळतो, वर कॅल्शियम आणि गंधक येतं, आणि जमीन आम्लही होत नाही. पेरणीला थोडा नत्र म्हणून २० किलो युरिया पुरे. भुईमूग स्वतःचं नत्र मुळांवरच्या गाठींतून काढतो, फक्त त्याला गाठी धरू दिल्या पाहिजेत. जांबोटीकडे काही जण रॉक फॉस्फेट वापरतात, तो सामू ५.५ च्या खाली चांगला विरघळतो. पण चुना दिल्यावर तो विरघळणं थांबतं, म्हणून एकाच वर्षी दोन्ही नको. माती परीक्षणात जस्त आणि बोरॉन कमी आलं असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट आणि ४ किलो बोरॅक्स. बोरॅक्स मोजूनच, जास्त झालं तर पिकाला विषासारखं लागतं. जिप्सम, झिंक आणि बोरॅक्स अनुदानात उपलब्ध आहेत का, ते होबळीच्या रयत संपर्क केंद्रात पेरणीच्या आधीच विचारून ठेवा.

आता भात. खालच्या दीड एकरात रोप लावणी करून पाणी बांधत असाल तर चुन्यावर पैसे घालवू नका. पाणी साचलं की हवा कोंडते, लोहाचं रूप बदलतं आणि दोन-चार आठवड्यांत मातीचा सामू आपोआप साडेसहाच्या आसपास जातो. तिथला त्रास उलटा असतो: लोह जास्त विरघळतं. ओढ्याकाठच्या, झिरप असलेल्या शेतात खालच्या पानांच्या टोकांपासून तांबूस ठिपके पसरत येताना दिसले, पाण्यावर तेलकट तवंग दिसला आणि काडीनं ढवळल्यावर तो तुकडे होऊन फुटला, तर ते लोहच. तेल असतं तर तवंग परत जुळला असता. अशा वेळी फुटव्यांच्या काळात सात ते दहा दिवस पाणी काढून टाका, जमिनीला बारीक भेगा दिसेपर्यंत, आणि एकरी १५-२० किलो म्युरेट ऑफ पोटॅश जादा द्या. ताजं शेण आणि हिरवा पाला त्या शेतात लावणीच्या तोंडावर घालू नका, त्यानं लोह आणखी सुटतं. पण धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत बी पेरत असाल तर गोष्ट वेगळी. धूळवाफेचं भात पहिले तीन-चार आठवडे कोरडवाहू पिकासारखंच वाढतं, पाणी उशिरा साचतं. तिथं सरीत एकरी ८० ते १०० किलो चुनखडी दिली तर रोपं लवकर सावरतात.

एक गोष्ट मात्र नक्की करा: माळाच्या मधोमध दोन ओळींची पट्टी चुन्याशिवाय सोडा, खुंटी मारून ठेवा. पेरणीनंतर तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी दोन्हीकडची पाच-पाच रोपं उकरून, बादलीत पाणी घेऊन मुळं धुऊन शेजारी शेजारी ठेवा. मुळांची लांबी बघा, मग गाठी मोजा आणि त्यातल्या काही नखानं फोडून बघा. आतून गुलाबी-लालसर असेल तर ती गाठ काम करतेय. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. काढणीला त्याच पट्टीतली आणि शेजारच्या दोन ओळींतली शेंग वेगळी वजन करा, पोचट वेगळ्या काढून. पुढच्या वर्षी चुन्यावर किती खर्च करायचा याचा आकडा तुम्हाला त्यातून मिळेल, दुकानातून नाही.

पूर्ण मात्रा दिली तर तिचा परिणाम साधारण तीन ते पाच वर्षं टिकतो, पण आपल्या पावसात तो लवकर धुपतो, म्हणून दोन पावसाळे झाले की त्याच पद्धतीनं नमुना काढून सामू परत बघा. ५.५ च्या खाली असेल तर सरीतली मात्रा चालू करा. ५.८ च्या वर असेल तर त्या वर्षी चुना नको, तो पैसा शेणखताकडे वळवा.